चेहरा बसवायचा दिवस

"चेहरा छोटा पडतोय," क्लोतिल्द म्हणाली.

"नीट धर," बास्तियाँ म्हणाला. "तिरका धरला की सगळंच छोटं दिसतं."

"मी काही आज पहिल्यांदा धरत नाहीये."

तिने तो चेहरा रंगवलेला वीतभर कापडाचा तुकडा पुन्हा मोठ्या चित्रातल्या कोऱ्या जागेवर टेकवला. चारी बाजूंनी बोटभर कोरी पट्टी उरलीच. खाली निळ्या रेशमी पोशाखातलं भरलेलं अंग, गोल गुटगुटीत दंड, मांडीवर गुलाबांची परडी. आणि वर हा एवढासा चेहरा. थोरल्या बहिणीचा झगा चोरून घातलेल्या मुलीसारखं ते दिसत होतं.

"माझी खळ गार होतेय," मातुरीनआत्या भांडं हलवत म्हणाली. "बसवताय की नुसते बघत बसताय?"

तेव्हनोंच्या घरात चेहरा बसवायचा दिवस म्हणजे सण. ओनोरे तेव्हनो गावोगावच्या वाड्यांत, मठांत जाऊन थोरामोठ्यांचे फक्त चेहरे रंगवून आणत. बड्या लोकांना तासन् तास बसवून कोण ठेवणार? धड, हात, लेस, फुलं, मागचं आभाळ हे सगळं तोवर घरी तयार झालेलं असे. मुलगी क्लोतिल्द हात आणि फुलं काढी, जावई बास्तियाँ रेशीम काढी, आणि अंगाच्या मापासाठी घरातलंच कुणीतरी पोशाख चढवून उभं राही. मग चेहरा कडेने कापून मोठ्या चित्रात चिकटवायचा, जोड केसांखाली आणि लेसखाली लपवायचा, आणि आत्याने केलेल्या पिवळ्या प्लमच्या टार्टवर तुटून पडायचं. व्होक्लेर संस्थानात असा एक मोठा वाडा नव्हता, जिथे तेव्हनोंनी जोडलेलं माणूस भिंतीवर हसत नव्हतं.

आजचा चेहरा राजकन्या ओदीलचा. ड्यूकसाहेबांची एकुलती एक मुलगी. या घराण्यात मुली तीन वर्षांच्या झाल्या की त्यांना डोंगरापलीकडच्या मठात ठेवायची रीत होती, आणि लग्नाचं वय होईपर्यंत आईने तिकडे फिरकायचं नाही, मुलगी हळवी होते म्हणून. राणीसाहेबांनी लेकीला सात वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांच्या नामदिनाला, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या सणाला, ड्यूकसाहेब हे चित्र देणार होते. दरबारातला माणूस उद्या सकाळी ते न्यायला यायचा होता, आणि टार्टला अजून कुणी सुरी लावली नव्हती.

"बाबा," बास्तियाँ खिडकीकडे वळला, "राग मानू नका, पण कंपास नेला होतात ना बरोबर?"

ओनोरे काल संध्याकाळी मठातून परतले होते. तेव्हापासून ते एका जागी दहा मिनिटं टेकले नव्हते. आत्ताही ते खिडकीपाशी उभे राहून उगाच तिची कडी काढघाल करत होते.

"नेला होता."

"मग?"

"मग काय? हनुवटी ते कपाळ मोजलं. दोनदा मोजलं."

"माझा भाऊ डोळ्यांनी अधू होईल," आत्या म्हणाली, "पण कंपासाला काय धाड भरलीय? जरा बघून बोल, बास्तियाँ."

"मी बोललोच नाही काही. विचारलं फक्त."

"तुझं विचारणं मला चांगलं माहीत आहे."

क्लोतिल्दला हे दोघे सुरू झाले की कपाळ दुखायला लागे. तिने टेबलावरचा कंपास उचलला आणि हाक मारली, "फांशों, इकडे ये."

तिची लेक फांशों निळ्या रेशमात सळसळत पुढे आली. हा पोशाख राजवाड्यातून आला होता, 'दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा' म्हणून शिवलेला, आणि सगळा उन्हाळा फांशों तो घालून उभी राहिली होती. आज बाहीवरची चमक शेवटची एकदा बघायची म्हणून बास्तियाँने तिला सकाळपासून पुन्हा त्यात कोंबलं होतं. क्लोतिल्दने कंपासाची टोकं लेकीच्या हनुवटीला आणि कपाळाला लावली, मग तशीच उचलून रंगवलेल्या चेहऱ्यावर धरली. वरचं टोक कपाळ ओलांडून केसांत गेलं.

"म्हणजे मी जाडी आहे," फांशों म्हणाली. "सरळ म्हणा ना. टार्ट मिळणार नाही असं म्हणा."

"तू जाडी नाहीस," खिडकीतून ओनोरे म्हणाले. "तू दहा वर्षांची आहेस."

"मग ती किती वर्षांची आहे?"

"तीही दहाच."

आत्याने खळीचं भांडं खाली ठेवलं.

क्लोतिल्दने चेहऱ्याचं कापड उजेडात नेलं. सकाळपासून तिने ते कडा, केस, जोड एवढ्याच नजरेने पाहिलं होतं. आता तिने त्या मुलीकडे पाहिलं. गालांची हाडं दिसत होती. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा होत्या. डोळे कुठेतरी बाजूला, दाराकडे वळलेले, कुणी येतंय का हे बघणाऱ्या मुलाचे असतात तसे. वडिलांनी काहीही लपवलं नव्हतं.

"बाबा, ती आजारी आहे का?"

"मला उंच खुर्चीवर बसवलेली दाखवली," ओनोरे म्हणाले. "खाली उशा, अंगावर शाल. तीन बैठका. दोन जोगिणी सतत उभ्या. मला वाटलं, मुलगी जरा फिकट आहे, झालं. शेवटच्या दिवशी मी ब्रश धुवायला वळलो, तर ती खुर्चीवरून उतरून माझ्यामागे आली. मी पाहतच राहिलो. एवढीशी. खोकत होती. मला म्हणाली, 'तुम्ही माझं बाकीचं नाही काढणार?' मी म्हटलं, बाकीचं आमच्या घरी काढतात. तर म्हणाली, 'मग ती मी कशी?'"

त्यांनी खिडकीची कडी पुन्हा लावली.

"आणि मठाच्या मोठ्या माता काय म्हणाल्या?" बास्तियाँने विचारलं.

"म्हणाल्या, गालांवर रंग थोडा कमी आहे, तो तुम्ही घाला. चित्रकार त्यासाठीच असतात."

बास्तियाँने मान हलवली. त्याला हे उत्तर पटलं, आणि पटलं म्हणून तो काही दुष्ट ठरत नाही. चौदा वर्षांचा असल्यापासून तो या घरात राबत होता. आधी रंग घोटायला, मग पडदे काढायला, मग जावई म्हणून. सासऱ्यांनंतर दरबारी चित्रकार कोण, हे अजून ठरायचं होतं, आणि ठरवणार होते ड्यूकसाहेब. मठाच्या माता ड्यूकसाहेबांच्या सख्ख्या भगिनी. हे काम त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिलं होतं. अशा वेळी 'तुमच्या बहिणीने तुमची मुलगी वाळवली' असं भिंतीवर टांगून द्यायचं? हे राहतं घरही दरबारचं. उद्या बाहेर काढलं तर आत्या, म्हातारबुवा, फांशों यांना घेऊन जायचं कुठे? घरात सगळ्यांना मन होतं. डोकं वापरायची पाळी मात्र कायम त्याच्यावर यायची, असं त्याला वाटे.

"हे बघा," तो म्हणाला, "यात अवघड काही नाही. केस फुगवू. कानामागून फुलांची माळ घेऊ, ती पट्टी झाकेल. खालून लेस दोन चुण्या वर चढवू. गालांवर थोडी लाली. बघणाऱ्याला कळणारही नाही."

"आणि पोरगी?" आत्याने विचारलं.

"पोरीचं आपण काय करणार? आपण वैद्य आहोत? मठात मुलं अशीच असतात, जरा सुकलेली. लग्न झालं की भरतात."

"ते खरं आहे हो," आत्या म्हणाली, आणि एका क्षणात तिने भावाची बाजू सोडली. तिचा या घरातल्या चुलीवर जीव होता. "ओनोरे, तू मनाला लावून घेऊ नकोस. आपण चित्र काढणारी माणसं."

ओनोरेंनी लेकीकडे पाहिलं. क्लोतिल्दने नजर चुकवली आणि म्हणाली, "माळ घेतली तर जुळेल, बाबा. मी काढते."

असं ती म्हणाली. नंतर तिला स्वतःचं नवल वाटलं, पण त्या वेळी तिला फक्त हा विषय बंद व्हायला हवा होता.

लाली बास्तियाँने घोटली. ओनोरेंनी ब्रश हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला आणि म्हणाले, "तू लाव. मला नको सांगू." मग बास्तियाँनेच लावली. त्याचा हात हलका होता, हे कबूल करायलाच हवं. बघता बघता गाल फुलले, हाडं मागे गेली, ओठांच्या चिरा बुजल्या. ओनोरे सारखे पुढे येत होते आणि परत खिडकीकडे जात होते.

"झालं," बास्तियाँ म्हणाला. "बघ क्लोतिल्द, कशी टवटवीत दिसतेय. छान बाळसं धरलंय."

हे वाक्य त्याने सहज म्हटलं. पण क्लोतिल्दच्या हातातलं फुलांचं रेखाटन थांबलं.

या घरात बाबेतचं नाव कुणी घेत नसे. फांशोंच्या आधीची मुलगी. गावातली सगळीच बिऱ्हाडं तान्ही मुलं खेड्यातल्या दूध पाजणाऱ्या दाईकडे पाठवत, तशी तीही पाठवली होती. दर महिन्याला गाडीवान यायचा, दाईचा निरोप सांगायचा. मुलगी छान आहे. छान बाळसं धरलंय. क्लोतिल्द खूश होऊन त्याला वाइन पाजायची. पुढे एकदा तो आला आणि बसला नाही, उभ्याउभ्याच टोपी काढून म्हणाला, बाबेत गेली. त्याआधीच्या दोन फेऱ्यांतही बाबेत आजारीच होती, हे तिला नंतर कळलं. फांशों झाली तेव्हा तिने दाई नको म्हणून घरात रणकंदन केलं होतं, आणि घर हललं तरी चालेल अशी ती ओरडली होती.

"अहो, ते वाक्य पुन्हा म्हणू नका," ती म्हणाली.

"कुठलं?"

"म्हणू नका."

बास्तियाँला कळलं. त्याचा चेहरा उतरला. तो काही बोलणार, एवढ्यात खाली घोड्यांच्या टापा थांबल्या. फांशों खिडकीकडे धावली आणि तिथूनच ओरडली, "आई! राजवाड्याची गाडी! उद्या येणार होती ना?"

"एकच गाडी?"

"एकच. पुढे स्वार नाहीत. राणीसाहेब आहेत! स्वतः उतरताहेत!"

ड्यूकसाहेब शिकारीला गेले होते, आणि राणीसाहेबांना उद्यापर्यंत धीर धरवला नव्हता. बाकी काही कारण नव्हतं. एक दासी सोबत घेऊन, घाबरलेल्या चोरासारख्या त्या जिना चढून आल्या. बास्तियाँने कोट चढवायला घेतला तो उलटा. आत्या टार्ट झाकायला धावली, जसं काही राणीसाहेबांनी टार्ट पाहिला तर आकाश कोसळणार होतं. फांशों तेवढी खिडकीतच राहिली, दाराकडे पाठ करून, निळ्या रेशमात, खालचे घोडे बघत.

राणीसाहेब उंबऱ्यात थांबल्या. त्यांचा हात गळ्याशी गेला.

"ओदील?" त्या म्हणाल्या.

फांशों वळली. तिने गडबडून गुडघे वाकवले. "मी फांशों, राणीसाहेब. यांची मुलगी. मी फक्त उभी राहते."

"हो. हो, अर्थात." राणीसाहेब हसल्या, पण ते हसू सावरायला त्यांना वेळ लागला. "पोशाख ओळखला मी. मीच पाठवलेला. मागून मला वाटलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. सात वर्षांत न पाहिलेल्या मुलीला मागून काय ओळखणार, हे त्यांनाच उमगलं असावं, त्या लाजल्या. "रागावू नका हं. मला फक्त एकदा बघायचंय. कुणाला सांगणार नाही मी."

मग त्यांनी मोठं चित्र पाहिलं. चेहऱ्याच्या जागी अजून कोरं होतं, पण त्या बघत राहिल्या ते दंड, ते मनगट, पायरीवर ठेवलेलं पाऊल.

"एवढी मोठी झाली!" त्या म्हणाल्या. "माझ्या खांद्याला लागेल. लागेल ना, मुस्यू तेव्हनो? तुम्ही पाहिलंत तिला. हात बघा कसे आहेत. मला तर रोज वाटायचं, तिकडच्या थंडीत..." त्यांनी दासीकडे वळून डोळे पुसले. "मी उगाच काळजी करते, सगळे म्हणतात ते खरंय."

"राजकन्या सुरेख आहेत, राणीसाहेब," बास्तियाँ म्हणाला. "चेहरा उद्या बसेल. आम्ही फक्त—"

राणीसाहेब ओनोरेंकडेच बघत होत्या. ओनोरेंनी तोंड उघडलं. दरबारात चाळीस वर्षं वाकलेलं ते शरीर आपोआप वाकलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "राणीसाहेबांची कृपा." बस, एवढंच. मान त्यांनी वर केलीच नाही.

क्लोतिल्दला त्या क्षणी वडिलांचा राग आला नाही, नवऱ्याचाही आला नाही. तिला तो गाडीवान आठवला, आणि त्याला वाइन ओतून देणारी ती स्वतः.

"ती आमची फांशों आहे," ती म्हणाली.

"काय?"

"चित्रातली. ते हात फांशोंचे आहेत, राणीसाहेब. पाय तिचे, खांदे तिचे. आम्ही मापासाठी घरचं मूल उभं करतो. तुमची मुलगी ही." तिने टेबलावरचा चेहरा उचलून पुढे केला.

"क्लोतिल्द," बास्तियाँ हळू म्हणाला.

"हिचा चेहरा या अंगाला छोटा पडतोय. आम्ही तो माळेने झाकणार होतो. गालांवरचा रंगही आम्हीच आत्ता लावलाय. बाबांनी मठात लावला नव्हता, कारण तो तिथे नव्हताच."

दासी पुढे सरसावली. "कुणाशी बोलतेस, भान आहे का? मठाच्या माता ड्यूकसाहेबांच्या—"

"गप्प बस," राणीसाहेब दासीला म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्या क्लोतिल्दवर संतापल्या होत्या, अगदी उघड. "मला दर महिन्याला निरोप येतो. ती छान आहे असा निरोप येतो. तू कोण मला सांगणारी?"

"मलाही तसाच निरोप यायचा," क्लोतिल्द म्हणाली. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. "माझी थोरली. दाईकडे होती. शेवटपर्यंत छानच होती ती, राणीसाहेब."

राणीसाहेबांनी ते कापड घेतलं. बराच वेळ त्या डोळे बघत होत्या. मग, आईने मुलाच्या गालावरचं काही पुसावं तसा त्यांनी अंगठा फिरवला. ओली लाली अंगठ्याबरोबर निघाली, आणि खालचं हाड दिसलं.

"रंग ओला आहे," बास्तियाँ न राहवून म्हणाला. "हात लागेल, राणीसाहेब."

"लागू दे." त्यांनी दुसराही गाल पुसला. मग ओनोरेंना विचारलं, "केवढी आहे ती? हाताने दाखवा."

ओनोरे पुढे आले. त्यांनी फांशोंला जवळ घेतलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग तो खाली आणत आणत तिच्या कोपराच्या थोडा वर थांबवला.

"इथपर्यंत डोकं येतं," ते म्हणाले. "खोकताना वाकते, तेव्हा त्याहून कमी. मी हे दारातच सांगायला हवं होतं."

राणीसाहेब त्या हाताकडे बघत राहिल्या. दासीने विचारलं, गाडी राजवाड्याकडे न्यायची ना? तर म्हणाल्या, डोंगराच्या रस्त्याला. दासी म्हणाली, ड्यूकसाहेबांची परवानगी नाही, अंगावर प्रवासाचे कपडे नाहीत, रस्ता दोन दिवसांचा आहे. राणीसाहेब तोवर अर्धा जिना उतरल्या होत्या. चेहरा त्यांच्याच हातात होता.

गाडी गेली. आत्या खुर्चीत बसली आणि तिने एवढंच म्हटलं, "आता आपलं घर गेलं." फांशों आईला चिकटून उभी राहिली. दोन दिवस जायचे, दोन दिवस यायचे, आणि त्या खोकल्याचं काय झालं असेल ते देवालाच ठाऊक. ओनोरेंनी क्लोतिल्दजवळ येऊन म्हटलं, "मी सांगणारच होतो गं."

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं नसतं. मीही नसतं सांगितलं."

बास्तियाँ मोठ्या चित्रासमोर पाठमोरा उभा होता. क्लोतिल्द त्याच्या ओरडण्याची वाट बघत होती. त्याचा हक्कच होता तो. सगळा उन्हाळा त्याने ते निळं रेशीम काढलं होतं. तसं रेशीम त्याला पूर्वी कधी जमलं नव्हतं, हे त्याने दोनदा बोलूनही दाखवलं होतं. त्याने टेबलावरची रंग खरवडायची सुरी उचलली आणि सुरी हातात तोलत तो तसाच उभा राहिला.

"त्या तिला घेऊन आल्या," तो शेवटी म्हणाला, "तर ती इथे येईल. बाकीचं काढून घ्यायला."

"आली तर," क्लोतिल्द म्हणाली.

"हो. आली तर." त्याने सुरीचं पातं चित्रातल्या खांद्याला लावलं आणि मागे न बघता विचारलं, "बाबा, कुठपर्यंत म्हणालात?"

ओनोरेंनी येऊन बोट ठेवलं. तिथपर्यंत तो रंग खरवडत गेला.